काठोकाठ कॅन

स्नेहलने झाकण फिरवलं तसं कॅनमधलं थोडं पाणी काउंटरवर सांडलं. तिने ते घाईघाईने ओढणीने टिपलं. काल संध्याकाळी कॅन इतका काठोकाठ नव्हता, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण बॅटरीच्या दुकानाचे मालक बहिरूभाऊ यांनी हातातला पाना खाली ठेवला होता, आणि ते तो पुन्हा कधी उचलतील याचा नेम नव्हता.

“नमस्कार. तुमच्याकडच्या बॅटऱ्या जास्त दिवस टिकाव्यात, असं तुम्हाला वाटतं ना?”

हे वाक्य तिने उद्योजकतेच्या वर्गात अकरा वेळा म्हणून पाहिलं होतं.

“बॅटऱ्या जास्त टिकल्या तर माझं दुकान कसं टिकायचं, ताई?”

बाकावर चहा पीत बसलेला टेम्पोवाला काळू ठसका लागेपर्यंत हसला. स्नेहलही हसली, आणि मग तिला जरा मोकळं वाटलं.

महिनाभराचा वर्ग उद्या संपत होता. प्रकल्प मंजुरीसाठी पुढे पाठवायचा तर निदान एका गिऱ्हाइकाची लेखी मागणी जोडायला हवी होती. मागणी मिळाली नाही, तर सोमवारी नामपूरला शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून रुजू व्हायचं, असं घरात ठरलं होतं. नोकरी वाईट नव्हती. पण नाशिकरोडच्या घरामागच्या पडवीत तिने स्वतः जुळवलेलं यंत्र होतं. नळाच्या पाण्याची वाफ करून ते थेंबथेंब शुद्ध पाणी गाळायचं, बॅटरीत घालायला लागतं तसं. नामपूरला गेल्यावर ते कोण चालवणार? द्वारका चौकातलं हे आजचं सातवं दुकान होतं. आधीच्या सहा ठिकाणी कॅन उघडायची वेळच आली नव्हती.

तिने पिशवीतून साबणाची डबी काढली. डबीला एक बारीक लाल दिवा आणि खाली दोन तारा होत्या. आत चौकोनी बॅटरी.

“हे बघा. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि दिवा लागतो. क्षार बॅटरीला घातक. शुद्ध पाण्यात दिवा लागत नाही.”

तिने काळूच्या शेजारच्या पिण्याच्या पाण्याच्या ग्लासात तारा बुडवल्या. दिवा लालभडक पेटला.

“अरे वा!” काळू म्हणाला. “हे तर आम्ही पितो!”

“पिण्याला चांगलंच आहे ते. बॅटरीला नाही. आता माझं पाणी.”

दुसऱ्या ग्लासात तिने कॅनमधलं पाणी ओतलं, तारा पुसून बुडवल्या. दिवा लागला. मंद, पण लागला.

तिने तारा पुन्हा पुसल्या. ग्लास विसळून पाणी पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. आपल्या मालाची उणीव आपल्या तोंडाने कधी सांगायची नाही, असं वर्गातल्या मोहिनीबाई म्हणाल्या होत्या, आणि स्नेहलने वहीत त्याखाली पट्टीने रेघ मारली होती. डबी बिघडलीय म्हणावं का? बहिरूभाऊंना कुठे कळणार होतं?

मग तिला सकाळ आठवली. निघताना आईने कॅन स्वतः उचलून हातात दिला होता. चांगल्या कामाला निघताना भांडं उणं नेऊ नये, असं आई नेहमी म्हणायची. आणि काल संध्याकाळी कॅन चार बोटं रिकामा होता.

“हे पाणी शुद्ध नाही,” ती म्हणाली. “आईने वरून नळाचं ओतलंय. कॅन भरलेला दिसावा म्हणून. हे तुम्ही घेऊ नका.”

“घ्या!” काळू म्हणाला. “दिवा मालकिणीचीच चुगली करतोय.”

बहिरूभाऊ हसले नाहीत. त्यांनी डबी उचलली आणि ते मागच्या फळीकडे गेले. तिथे बाहेरून मागवलेल्या पाण्याचे कॅन मांडलेले होते. पहिल्यात दिवा लागला नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात झगझगीत लागला. चौथ्यातही. त्यांनी चौथ्या कॅनचं झाकण घट्ट लावलं.

“केवढ्याला?”

“पाणी मी उद्या ताजं आणते—”

“पाण्याचं मागून बघू. हे केवढ्याला देणार?”

स्नेहलने त्यांच्या हातातल्या डबीकडे पाहिलं. गिऱ्हाईक बोलत असताना मधे बोलायचं नाही, हाही एक नियम होता, आणि तो पाळणं आत्ता सोपं होतं.

“मी झाकणाचं सील बघून माल घेतो,” बहिरूभाऊ म्हणाले. “आत काय हे, मला काय कळतं? आमच्या लाइनीत अजून पाच दुकानं हेत. त्यांचंबी तेच.”

“किंमत उद्या सांगते. नीट हिशोब करावा लागेल.”

“करा. पण आधी हे ठेवा.” त्यांनी बिलबुकाचं पान फाडून त्यावर लिहिलं, ‘पाणी तपासायची डबी, नग सहा’, आणि खाली दुकानाचा शिक्का मारला.

बसमध्ये तिने प्रकल्पाची फाईल उघडली. पहिल्या पानावर सुरेख अक्षरात ‘बॅटरीचे शुद्ध पाणी’ असं लिहिलेलं होतं. त्यावर तिने काट मारली नाही. वर थोडी जागा होती, तिथे पेन्सिलीने ‘तपासणी दिवा’ एवढं लिहिलं.

घरी आई दारातच उभी होती. तिने आधी कॅनकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे.

“जमलं का गं?”

“जमलं.”

“बघ! उणा नेला असतास तर?”

स्नेहलने चपला काढल्या, कॅन पडवीत नेऊन ठेवला.

“नसतंच जमलं, आई,” ती म्हणाली.