एक नाही, दोन नाही

फेडरेशनचा अर्ज मी लिहिला होता. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष माझ्याकडे येतो. बाकीचे तसं म्हणत नाहीत, पण ते स्वभावाने चांगले आहेत आणि माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे.

केलर्स फेरी या आमच्या गावात आता ज्यूंची वीस-बावीस घरं उरली आहेत. पोलादाचा कारखाना चालू होता तेव्हा दोन सिनेगॉग होते, आमचा स्वतःचा खाटीक होता, आणि सणाला बसायला जागा मिळायची नाही. आता एकच सिनेगॉग आहे आणि गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेला दहा पुरुष जमवायला एस्टेल क्रुपनिक आदल्या दिवशी घरोघरी फोन करते. ती आमची अध्यक्ष. दहा पुरुष जमले की मिन्यान झाला. नऊ असले तर धर्मग्रंथाची गुंडाळी पेटीतून काढता येत नाही, आणि मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, कद्दीश, म्हणता येत नाही. बायका आमच्याकडे मोजत नाहीत. एस्टेल म्हणते, "मोजू नका. पण छत गळायला लागलं की मलाच हाक मारा."

ऑक्टोबरात तो फोटो आला. साधं पाकीट, पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत चिठ्ठीही नाही. फक्त आमच्या सिनेगॉगच्या दाराचा फोटो. रस्त्यापलीकडून, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानासमोरून काढलेला. त्यात मी होतो. हिर्श लॅपिडस वॉकर घेऊन आत शिरत होता आणि मी त्याच्यासाठी दार धरून उभा होतो, रस्त्याकडे पाठ करून.

मी तो फोटो खूप वेळ पाहिला. माझ्या कोटाची मागची शिवण उसवली आहे हे मला त्यातून कळलं.

पोलीस म्हणाले, फोटो काढणं हा गुन्हा नाही. विमा कंपनी म्हणाली, मार्चपर्यंत दार बदला, काच बदला, कॅमेरा लावा, नाहीतर विमा बंद. विमा नसेल तर सिनेगॉग उघडता येत नाही. आणि एकदा बंद झाला की तो परत उघडणार नाही, हे आम्ही शेजारच्या तीन गावांत पाहिलं होतं. आमच्यापाशी पैसे नव्हते. शहरातल्या ज्यू फेडरेशनकडे होते. सगळ्या जिल्ह्यातल्या ज्यूंच्या देणग्या तिथे जमतात आणि अर्ज केला की तिथूनच वाटल्या जातात.

"अर्ज मायरन लिहील," एस्टेल म्हणाली. "एकोणचाळीस वर्षं वाचनालयात बसून काढलीत त्याने. एवढ्या पुस्तकांतलं एखादं तरी उपयोगी पडू दे."

सातव्या रकान्यात नियमित येणाऱ्यांची संख्या विचारली होती. आता, आमच्याकडे माणसं मोजत नाहीत. मोजलं की दृष्ट लागते. माझे आजोबा म्हणायचे, आकडा मृत्यूच्या कानावर जातो. म्हणून मिन्यान मोजताना आम्ही "एक नाही, दोन नाही, तीन नाही" असं म्हणतो. मी शिकलेला माणूस आहे, माझा यावर विश्वास नाही. तरी मी तिथे "दहाच्या आसपास" असं लिहिलं.

अकराव्या रकान्यात विचारलं होतं, अनोळखी माणूस दाराशी आल्यास काय करता? मी लिहिलं: अनोळखी माणसाला आत घेतलं जात नाही. त्याने आदल्या दिवशी फोन करून ओळख पटवावी लागते. खरं म्हणजे चार वर्षांत आमच्या दाराशी अनोळखी माणूस आलाच नव्हता. मग हे खोटं होतं की नव्हतं? तीन दिवस अर्ज खिशात घेऊन फिरलो आणि शेवटी टपालात टाकला.

जानेवारीत उत्तर आलं. फेडरेशनचे सुरक्षा अधिकारी श्री. मॅकब्राइड गुरुवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी येतील आणि अर्जात लिहिलेली पद्धत प्रत्यक्ष पाहतील.

"दारावर तू बस," एस्टेल मला म्हणाली.

"मी? मला माणसांशी बोलता येत नाही."

"म्हणून तर. आणि त्या फोटोवाल्याकडे तुझा फोटो आधीच आहे. नवा काढायचा त्रास नको."

ती हसली. मीही हसलो.

मॅकब्राइड दार भरून जाईल एवढा उंच, निवृत्त पोलीस कप्तान. ज्यू नव्हता. एस्टेलने दिलेली टोपी त्याने मुकाट्याने डोक्यावर ठेवली, दाराच्या बिजागऱ्या पाहिल्या, काचेवर बोटाने टकटक केलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग सभागृहाच्या तोंडाशी उभा राहून त्याने पेनच्या टोकाने आम्हाला मोजलं.

"एक, दोन, तीन, चार..." अगदी मोठ्याने. "दारावरचे गृहस्थ धरून नऊ. बरोबर?"

प्रार्थना चालवणारा बर्ट सुस्मान तोंड फिरवून तीनदा थू थू थू करून मोकळा झाला.

"माझं काही चुकलं का?"

"छे हो," एस्टेल म्हणाली. "तुम्ही त्यांना मोजलंत, एवढंच. आता संध्याकाळपर्यंत कोण मरतंय ते बघत बसतील."

"मग दहावा कधी येणार?" बर्टने विचारलं.

"फेल्डशरला ताप आहे. तो येत नाही," एस्टेल म्हणाली.

"म्हणजे नऊच."

"दोन धडधाकट माणसं इथे रिकामी उभी आहेत," एस्टेल म्हणाली, "एक मी आणि एक हे कप्तानसाहेब, आणि तुम्हाला माणूस मिळत नाही!"

लॅपिडस पहिल्या बाकावर बसला होता. त्याचं वय एक्क्याण्णव. वृद्धाश्रमाच्या गाडीने तो सकाळी येतो आणि सव्वाआठला तीच गाडी त्याला परत न्यायला येते. त्या दिवशी त्याच्या मुलाची पुण्यतिथी होती. नाथन सहा वर्षांचा असताना नदीवरच्या बर्फातून खाली गेला, १९६१ साली. तेव्हापासून लॅपिडसने एकाही वर्षी कद्दीश चुकवली नव्हती. त्याने फक्त भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

मी दारापाशी स्टुलावर जाऊन बसलो. अंगावर प्रार्थनेची शाल, डाव्या हाताला प्रार्थनेचे चामडी पट्टे, कपाळावर धर्मवचनांची डबी. मॅकब्राइड माझ्या मागे भिंतीला टेकून उभा होता. काचेतून पलीकडचं चपलांचं दुकान दिसत होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो आणि दुसरीकडे कुठे बघावं हे कळत नव्हतं.

आठला दहा कमी असताना एक माणूस रस्ता ओलांडून सरळ आमच्या दाराकडे आला. तिशीचा असेल. डोक्यावर जाकिटाचा टोप ओढलेला, हात खिशात, खांद्याला मोठी काळी पिशवी. त्याने दार ढकललं. कडी होती. त्याने काचेवर थाप मारली.

उभा राहिलो तेव्हा स्टूल पडलं.

"मिन्यान आहे का इथे?" तो काचेपलीकडून ओरडला. "मला आईसाठी कद्दीश म्हणायचीय. ट्रक घेऊन चाललोय, नऊच्या आत निघायचंय."

मी विचार केला, हे शब्द आता कुणालाही इंटरनेटवर सापडतात. मिन्यान, कद्दीश, आई. तिन्हींपैकी एकही शब्द ओळखपत्र नाही.

"तुम्ही... आदल्या दिवशी फोन करायचा असतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. मी पुन्हा मोठ्याने म्हणालो.

"काल मी दुसऱ्या राज्यात होतो, काका."

"उद्या या. आज फोन करा आणि उद्या या."

तो काचेतून माझ्याकडे बघत राहिला. माझ्या शालीकडे, पट्ट्यांकडे. मग त्याने मान हलवली आणि वळून निघून गेला.

मागे पेनचा आवाज आला. मॅकब्राइडने वहीत बरोबरची खूण केली. "उत्तम," तो म्हणाला. "अर्जात लिहिलंय तसंच."

म्हणजे अनुदान मिळालं. मला ते त्याच क्षणी कळलं. मार्च येईल आणि सिनेगॉग उघडा राहील. मी आत डोकावलो, तर लॅपिडस माझ्याकडेच पाहत होता.

"कोण होतं रे पोरा?" मला पोरा म्हणणारा गावात तो एकटाच उरलाय.

"कुणी नव्हतं," मी म्हणालो.

"मला वाटलं, आलं कुणीतरी." त्याने वॉकरवरचे हात काढले आणि मांडीवर ठेवले.

मी का उठलो हे मला आजही सांगता येत नाही. दर वेळी वेगळं कारण सापडतं आणि एकही माझ्या स्वभावाला शोभत नाही. मी कडी काढली. मॅकब्राइड म्हणाला, "अहो, कुठे निघालात?" आणि मी बाहेर गेलो.

बर्फ घोट्यापर्यंत होतं. कोट आत राहिला होता. तो माणूस कोपऱ्यावर, ट्रकपाशी पोचला होता. "अहो! अहो, थांबा!" मी ओरडलो.

तो वळला आणि त्याचा हात पिशवीत गेला.

मी जागच्या जागी थांबलो. तेवढा मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. स्वतःसाठी घाबरलो असतो तर बरं झालं असतं. पण मला आठवलं की दार मी ओढून घेतलं नव्हतं. माझ्या मागे, तीस पावलांवर, ते उघडं होतं आणि आत आठ माणसं दाराकडे पाठ करून बसली होती. अगदी फोटोतल्यासारखी.

त्याने पिशवीतून निळ्या मखमलीची थैली काढली. आपले पट्टे त्यातच ठेवतात. ती त्याने उंच धरून मला दाखवली. आणि तेव्हाही माझ्या मनात आलं, थैली विकत मिळते.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही नक्की त्या सिनेगॉगचेच ना? असे काय धावत आलात? मी घाबरलो."

"आईचं नाव काय?" मी विचारलं.

"सिमी." त्याने थैली खाली केली. "तीन महिने झाले."

नावसुद्धा रचता येतं. या शंकांना शेवट नसतो. "चला," मी म्हणालो, "लवकर. गाडी येईल."

त्याचं नाव गॅब्रिएल तुर्गमान. बर्टने त्याला पाहिलं आणि काही न विचारता पेटीचा पडदा सारला. कद्दीश लॅपिडस आणि तुर्गमान या दोघांनी एकत्र म्हटली. तुर्गमानचे उच्चार वेगळे होते आणि तो भरभर म्हणायला लागला. मग त्याला लॅपिडसचा आवाज ऐकू आला आणि तो थांबत थांबत, म्हाताऱ्याच्या चालीने म्हणू लागला. आम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं, पण माझी नजर बाकावर ठेवलेल्या त्या काळ्या पिशवीवर होती. प्रार्थना संपेपर्यंत मी नजर हलवली नाही. हे मी लॅपिडसला कधी सांगितलं नाही.

गाडी आली, लॅपिडस गेला. तुर्गमानने एस्टेलने दिलेला मधाचा केक उभ्याउभ्या खाल्ला आणि तोही गेला. मग मॅकब्राइड माझ्यापाशी आला. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर सोपं गेलं असतं.

"त्या पिशवीत दुसरं काही असतं," तो हळू म्हणाला, "तर मी आता माणसं मोजत असतो."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"आणि दार उघडं टाकून गेलात."

"हो."

त्याने वही बंद केली. "दार मजबूत करता येतं, झेल्डिनसाहेब. तुमचं काय करायचं?"

दोन आठवडे मी सिनेगॉगचं टपाल उघडलं नाही, एस्टेलच उघडायची. एका सोमवारी ती पत्र घेऊन माझ्या घरी आली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. दार, काच, कॅमेरा आणि घंटी, सगळं मंजूर. एक अट होती: दारावर श्री. मायरन झेल्डिन यांची नेमणूक करू नये.

"अभिनंदन," ती म्हणाली. "सगळ्या जिल्ह्यात फेडरेशनने नाव घेऊन नालायक ठरवलेला तू पहिलाच. मी फ्रेम करून लावणार आहे."

"मग दारावर कोण बसणार?"

"मी. मला कुठे मोजतात? मी दारावर बसले तरी मिन्यान मोडत नाही."

नवं दार लोखंडी आहे. बंद होताना आवाज खोलवर जातो. गुरुवारी एस्टेल दारावर बसते आणि मी आत, पूर्वेकडे तोंड करून, दाराकडे पाठ. दारावर बसलो त्या दिवशी मला रस्ता दिसत होता. आता फक्त घंटी ऐकू येते. फोटो कुणी पाठवला ते अजून कळलेलं नाही.

घंटी वाजते. मी वळून बघत नाही. कडी निघाल्याचा आवाज येतो, मग बर्फ झटकणारी पावलं, ओळखीची की अनोळखी ते कळायला चार-पाच पावलं लागतात. तोवर मी श्वास धरून ठेवतो आणि मनातल्या मनात म्हणतो, आठ नाही, नऊ नाही.