मसकेवरचा डाग

उनैसाच्या हातचा टाका कधी गळत नसे, आणि ही गोष्ट लष्करात कुणाला माहीत नसेलच, तर ती स्वतः सांगायला मागेपुढे पाहत नसे. बसऱ्याहून निघालेल्या त्या तीन हजार माणसांचे घोडे चांगले होते, भाले चांगले होते, बढाया तर फारच चांगल्या होत्या. पण खुजिस्तानच्या उन्हात माणूस उभा राहतो तो पाण्यावर, आणि पाणी राहतं कातडी मसकेत. त्या मसका शिवायचं काम तिचं. ती हुरैस बिन मालिकच्या घरची गुलाम होती, पन्नाशीला टेकलेली, तरी तरणेताठे स्वारही तिला खाला म्हणत, म्हणजे मावशी. खाला न म्हणता कुणी फाटकी मसक पुढ्यात टाकली, तर ती टाकल्या जागी वाळत पडे.

इराणची राजधानी मदाइन पडून चार वर्षं झाली होती आणि शहेनशाह डोंगरांकडे निघून गेला होता. शहरामागून शहर मदीनेच्या खलिफाच्या हाताखाली येत होतं. या वाटेत नीलरूद म्हणजे किस झाड की पत्ती. मातीची जाड भिंत, दोन दरवाजे, भोवती खजुराच्या बागा आणि त्यांना पाणी पोचवणारा एक पाट, एवढंच गाव. पण गावाने एकवीस दिवस दाद दिली नव्हती. दहाव्या दिवशी तटाखाली अकरा माणसं अडकून मेली, त्यात दिरार बिन अब्सचा धाकटा भाऊही गेला. तेव्हापासून दिरार कुणाशी धड बोलत नव्हता. दिवसभर शिड्या बांधत होता. परवा सकाळी शिड्या लावायच्या, असं सरदार जुनादाने जाहीर केलं होतं. शिड्यांनी घेतलेल्या गावाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुरुष तलवारीखाली जात आणि बायकापोरं वाटणीत.

त्या दुपारी छावणी तंबूंच्या सावलीत आडवी झाली होती. उनैसा मसका भिजत घालायला पाटावर गेली, तर लव्हाळ्यात एक म्हातारा मानेपर्यंत चिखलात बसलेला. हातात हत्यार नव्हतं, नुसतं फावडं होतं. तिला पाहून त्याचे दात वाजू लागले, एवढ्या उन्हात. तो गावचा पाटकरी होता, पाटाचं पाणी सोडणारा. पाट गाळाने बुजत चालला होता, खजुराचे घड ऐन भरायच्या दिवसांत सुकत होते, आणि त्याच्याने ते बघवेना म्हणून तो तटाखालच्या मोरीतून सरपटत बाहेर आला होता. लढाई काय, आज आहे उद्या नाही, पण झाड मेलं की दहा वर्षं गेली, असं तो रडत रडत सांगत होता.

तो फारसीत बोलत होता. उनैसाला ते सगळं कळत होतं. चाळीस वर्षांत तिने त्या भाषेतला एक शब्द तोंडाबाहेर काढला नव्हता. तो आता आपोआप निघाला.

"मतर्स," ती म्हणाली. भिऊ नकोस.

म्हातारा रडायचा थांबला. त्याने डोळे पुसले आणि विचारलं, "मी एकट्याने, की सगळ्यांनी?"

तिने तटाकडे पाहिलं. वर दोन डोकी दिसत होती, एक बाईचं आणि तिच्या काखेतल्या लेकराचं. उनैसाने फार विचार केला असं कुणी समजू नये. काही गोष्टी माणूस आयुष्यभर विचार करून ठेवतो आणि बोलायची वेळ आली की नुसत्या बोलतो.

"सगळ्यांनी," ती म्हणाली. मग तिने भिजवलेल्या मसकांतली एक उचलून त्याच्या हातात दिली. तिच्यावर हुरैसच्या टोळीचा डाग होता, उंटांच्या मांडीवर देतात तोच, दोन रेघा आणि खाली अर्धा चंद्र. "ही वेशीवर टांग. आमच्यात एकाने दिलेलं अभय सगळ्यांनी दिलेलं असतं."

तो मोरीत शिरला. ती परत येऊन शिवायला बसली. आता गावातले दोन-चार शहाणे बाहेर येतील, सरदाराशी बोलणी करतील, तेव्हा आपण उभं राहून सांगायचं, असा तिचा हिशेब होता. सरदाराला आधीच सांगावं असं तिच्या मनात आलं नाही, कारण विचारलं तर नको म्हणायची सोय होते हे तिला चांगलं माहीत होतं.

पण गावाने तिचा शब्द तिच्यापेक्षाही जास्त मानला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजाची रांग मोडते न मोडते तोच नीलरूदचे दोन्ही दरवाजे उघडले आणि आख्खं गाव बाहेर आलं. शहाणे नाहीत, पांढरं निशाण नाही. पुरुष फावडी घेऊन, बायका टोपल्या घेऊन, पोरं त्यांच्या पायांत. कुणी लष्कराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे पाटात उतरले आणि गाळ उपसायला लागले.

छावणीत एकच धावपळ झाली. चिलखतं उलटी चढली, घोडे भलत्याच्याच हातात गेले. स्वार पाटाच्या दोन्ही काठांवर भाले रोखून उभे राहिले आणि खाली बायका गाळाच्या टोपल्या त्यांच्या घोड्यांच्या पायांशी रिकाम्या करू लागल्या. काय करावं ते कुणाला कळेना. तेवढ्यात कालचा म्हातारा पाटातून वर आला आणि त्याने वेशीकडे बोट दाखवलं. तिथे मसक लटकत होती.

डाग लांबूनही ओळखू येत होता. जुनादाने हुरैसकडे पाहिलं, हुरैसने मान हलवली, आणि बायकांच्या रांगेतून उनैसा पुढे आली. अभय तिने दिलं, कुणाला विचारलं नाही, आणि सगळ्या गावाला दिलं, असं तिने मोजक्या शब्दांत सांगितलं. तिचा आवाज चांगला खणखणीत होता. पण आपण गावाचा तट काढून घेतलाय हे तिला आता दिसत होतं. काल त्या लोकांपुढे निदान भिंत होती. आज तिच्या एका शब्दावर ते गुडघाभर चिखलात उघडे उभे होते, आणि तो शब्द खोटा ठरला तर शिडीचीसुद्धा गरज नव्हती.

हे दिरारलाही दिसलं.

"बरंच झालं," तो म्हणाला. "तट चढायचे कष्ट वाचले. सरदार, गुलाम बाईने काय बडबड केली ती तुमच्यामाझ्यावर बंधनकारक कशी? आज ही गावाला अभय देते. उद्या एखादी दळणारी उठेल आणि अख्ख्या इराणला देईल."

काही जण हसले. जुनादा हसला नाही. तो पन्नास लढायांचा माणूस होता आणि नियम त्याला पाठ होता: मुसलमानांतल्या सगळ्यात खालच्याने अभय दिलं तरी ते सगळ्यांवर बंधनकारक. पण सगळ्यात खालचा म्हणजे किती खालचा, हे त्याला कधी ठरवावं लागलं नव्हतं. मदीनेला विचारावं तर उत्तर यायला दीड महिना, आणि इथे भाले आत्ताच्या आत्ता रोखलेले. त्याने हुरैसला विचारलं की तुझी परवानगी होती का. हुरैसने काखा वर केल्या असत्या तर प्रश्न तिथेच मिटला असता, कुणी त्याला दोषही दिला नसता.

हुरैस लंगडा होता आणि बोलायलाही तसाच सावकाश. त्याने आधी काठी नीट रोवली.

"माझी परवानगी नव्हती," तो म्हणाला. "तिने मागितलीच नाही. पण सरदार, ती रोज पाच वेळा नमाजाला उभी राहते, तीही माझ्या परवानगीने नाही. तिथे तिचं चालतं, मग इथे का नाही?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. दिरारच्या अंगाचा तिळपापड झाला. अभय द्यायचा हक्क लढणाऱ्याचा, असं तो ओरडून सांगू लागला. ज्याने तलवार धरली, ज्याने माणूस गमावला, त्याने ठरवावं कुणाला सोडायचं ते. ही बाई आरी आणि वादी घेऊन सावलीत बसते, हिने काय गमावलंय?

उनैसा त्याच्याजवळ गेली. एवढी जवळ, की घोडा मागे सरला.

"दहाव्या दिवशी तुम्ही तटाखाली अडकलात," ती म्हणाली. "वरून बाण येत होते. पाणी घेऊन कोण आलं होतं, दिरार?"

दिरारने घोड्याचा लगाम आवळला.

"पोटावर सरपटत आले मी, गळ्यात दोन मसका अडकवून. एक बाणाने फाटली. दुसरीतलं पाणी तुझ्या भावाच्या तोंडात घातलं. त्याला जास्त गिळता आलं नाही. तू त्याचं डोकं धरलं होतंस. तेव्हा मी लढत होते की सावलीत बसले होते, ते तूच सांग. तू नाही म्हण, मी मान्य करते."

पाटातला फावड्यांचा आवाज थांबला होता. भाषा कळत नसली तरी आपल्याबद्दल काय चाललंय ते त्या लोकांना कळत होतं. सगळं लष्कर दिरारच्या उत्तराची वाट बघत होतं, आणि त्याला एका शब्दात गाव मारता येत होतं.

"आली होती," तो शेवटी म्हणाला. "बाण लागत होते तिथपर्यंत आली होती." आणि त्याने घोडा वळवला.

जुनादाने भाले खाली घ्यायला सांगितलं. नीलरूदला अभय आहे, ते उनैसाने दिलंय आणि सगळ्यांनी दिलंय, असं त्याने चारी बाजूंना तोंड करून मोठ्याने सांगितलं. गाव ठरलेला कर देईल, आपल्या घरात आणि आपल्या धर्मात राहील. आज आपण ही मसक उतरवली, तर यापुढे कुठल्याच गावाचा दरवाजा आपल्या शब्दावर उघडणार नाही, मग बांधत बसा शिड्या जन्मभर, असंही त्याने जोडलं. बसऱ्याच्या माणसांना सरदाराचं हे बोलणं पटलं. फायद्याची गोष्ट त्यांना लवकर कळे. तासाभरात काही स्वार चिलखत उतरवून पाटात उतरलेसुद्धा, कारण नुसतं बघत उभं राहायचा त्यांना कंटाळा आला होता.

ऊन कलल्यावर दिरार तिच्या तंबूपाशी आला. हातात एक फाटकी मसक होती, बाणाने उभी चिरलेली. ती त्याने पुढ्यात टाकली नाही. खाली बसून दोन्ही हातांनी पुढे केली.

"खाला, ही शिवशील?"

तिने ती घेतली, चीर बोटाने चाचपली आणि आरीला चरबी लावली. बराच वेळ तो टाके बघत बसला. मग त्याने विचारलं, की तुला त्यांची भाषा कुठून येते.

"माझीच आहे," ती म्हणाली. "फुरात नदीच्या काठी आमचं गाव होतं. मी नऊ वर्षांची. इस्लामच्या आधीची गोष्ट ही. बक्र टोळीचे स्वार लुटायला आले, हुरैसचा बाप होता त्यांच्यात. मी लव्हाळ्यात लपले होते, मानेपर्यंत पाण्यात. तो काठावर आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याला मतर्स हा शब्द येत होता. सीमेवरच्या सगळ्यांनाच यायचा. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आता म्हणेल, आता म्हणेल."

"नाही म्हणाला?"

"मला केसांना धरून वर काढलं." तिने टाका ओढून घट्ट केला. "तो एक शब्द बोलला असता तर आज मी उनैसा नसते. माझं नाव देनाग होतं."

दिरार म्हणाला, की हे तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. कुणी विचारलं नाही, असं ती म्हणाली, आणि शेवटची गाठ मारून तिने वादी दातांनी तोडली.

पाटाला पाणी आलं होतं. म्हातारा पाटकरी एकेका बागेचं तोंड उघडत काठाकाठाने चालला होता आणि मागोमाग गावातली पोरं ओरडत पळत होती. उनैसाने मसक पाटावर नेली, बुडवून तोंडापर्यंत भरली, बांधली, बाहेरून पुसून कोरडी केली आणि मागोमाग आलेल्या दिरारच्या डोळ्यांसमोर धरली. तिचा हात जड झाला तरी तिने ती खाली ठेवली नाही.

"बघ नीट," ती म्हणाली. "गळते?"

त्याने चिरेवरून तळहात फिरवला. हात कोरडा होता.

"नाही, देनाग खाला," तो म्हणाला.