ओट्यावरून लिहिलेला अहवाल

सोमवारची पूजा उरकून सुमेधाबाई नगरच्या बालन्यायालयात पोचल्या. दुष्काळात पोरकी झालेली मुलं कुणाकडे सांभाळायला दिली, की ते घर पाहून न्यायालयाला कळवायचं, हे काम त्या बिनपगारी, देवाचं म्हणून करीत. आज जामखेडकडच्या नऊ वर्षांच्या चांगुणाचा निकाल होता. ती सध्या ज्यांच्या घरी होती, ते तिसगावचे काकासाहेब तिला अठराव्या वर्षापर्यंत मागत होते.

चांगुणा व्हरांड्यात हात पाठीमागे धरून उभी होती. सुमेधाबाईंनी ते हळूच पुढे घेतले. तळव्यांची सालं गेलेली, मनगटावर उलथन्याचा डाग.

"हे कधीचं, बाळ?"

"लई दिसांचं. तुमी आल्ता, तवाबी हुतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मालकीन म्हनली, दारातूनच हात जोड. पानी मागितलं तरच भाईर जायाचं. मी तांब्या भरून हुबी हुते." पोरीनं मान खाली घातली. "तुमी पानीच घेतलं न्हाई."

सात महिन्यांपूर्वी सुमेधाबाई ते घर पाहायला गेल्या, तेव्हा चातुर्मास होता, परक्या घरचं अन्नपाणी वर्ज्य. काकासाहेबांच्या पत्नी बनुबाई "आत या, च्या तरी घ्या" म्हणत राहिल्या, पण आत गेलं की घ्यावं लागेल, नेम मोडेल म्हणून यांनी उंबरा ओलांडलाच नाही. ओट्यावरून तुळशीपुढचा दिवा पाहिला, नव्या झग्यातली पोर पाहिली, आणि लिहून दिलं : घर देवाधर्माचं, मुलगी सुखात.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी कागद उलटला. "अहवाल चांगला आहे. हरकत नाही ना?"

"आहे. अहवाल खोटा आहे, साहेब. मी घरात गेलेच नाही."

काकासाहेब हसले. "बाई, अक्षर तुमचंच हाय न्हवं? पोरक्या पोरीला दोन घास घालतो, तर तिनं चार भांडी घासली म्हून काय बिघडलं? समदीच ठिवत्यात."

"अक्षर माझं. पापही माझं. साहेब, तिचे हात बघा."

चांगुणानं मेजावर हात ठेवले. न्यायाधीशांनी अहवाल बाजूला सारला.

त्याच दिवशी मुलीला बालगृहात पाठवण्याचा हुकूम झाला. "खोट्या अहवालाची नोंद तुमच्या नावापुढे होईल," न्यायाधीश म्हणाले.

"व्हावी."

निघताना चांगुणानं व्हरांड्यातल्या माठातून पेला भरून आणला. "आता तरी घ्याल?"

दिवस मावळेपर्यंत निर्जळ उपास होता. सुमेधाबाईंनी पेला दोन्ही हातांनी घेतला, तोंडाला लावून रिकामा केला. गोड लागलं नाही. सात महिने दाराआड ताटकळलेलं पाणी गोड कुठून लागणार?