दुपारीच रुसणारी पिकअप

दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी भर दुपारी शंभरेक माणसं जमली होती आणि त्यातलं एकही आजारी नव्हतं. सगळी आली होती एक पिकअप बघायला. गाडी मधोमध उभी होती, बॉनेट उघडं होतं आणि इंजिनाच्या डाव्या अंगाला एक ओली चादर घडी घालून ठेवली होती. समोर महाराज डोळे मिटून गाडीशी बोलत होते. आवाज असा मऊ, की लोणी लाजेल.

"समजलं रे मला तुझं दुःख," ते म्हणत होते. "घरची लक्ष्मी उन्हातान्हात स्टिअरिंग फिरवते, हे तुला बघवत नाही. मी सांगतो तिला. तू शांत हो."

गाडीला शांत व्हायला चांगला अर्धा तास लागला. तेवढा वेळ महाराजांचं तोंड थांबलं नाही. मग त्यांनी बोट वर केलं, त्या लक्ष्मीच्या दिरानं किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. लोकांच्या अंगावर काटा आला. तिच्या सासूनं पदर डोळ्यांना लावला आणि गाडीच्या दरवाजावरून लेकाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

जिच्यामुळे हे सगळं चाललं होतं ती कडेला उभी होती. तिला गावात चादरवाली म्हणत. धुलाई केंद्रातून धुतलेल्या चादरी उचलायच्या आणि तीन दवाखान्यांना संध्याकाळच्या आत पोचवायच्या, हे तिचं काम. इंजिनावरची चादरही तिचीच होती. ती आता डिझेलनं बरबटली होती, त्यामुळे चमत्कार बघून तिला जे काही वाटलं त्यात रागच जास्त होता.

काम मुळात नवऱ्याचं. आठ महिन्यांपूर्वी तो आजारपणात गेला. महिनाभरानं हिनं किल्ली हातात घेतली. चार महिने सगळं सुरळीत चाललं आणि मग उन्हं तापायला लागली तशी गाडी रस्त्यातच मान टाकायला लागली. चालता चालता बंद. मिस्त्रीला फोन करावा, तो येईपर्यंत ही बया पुन्हा धडधाकट. त्यानं डिझेलचा फिल्टर बदलला, बॅटरी बदलली, शेवटी हात जोडले. तेव्हा दीर म्हणाला, मी चालवून बघतो. आठवडाभर तो रोज सकाळी सहाला गाडी काढायचा, बाजारापर्यंत जाऊन यायचा. एकदाही बंद पडली नाही.

झालं. यापेक्षा मोठा पुरावा कुणाला हवा होता? दिराच्या हाताखाली चालते, हिच्या हाताखाली अडते. म्हणजे कुणीतरी अडवतं. कोण अडवणार, हे सांगायला महाराज तयारच होते. गाडीत नवऱ्याचा जीव घोटाळतोय, त्याला बायकोनं गाडी चालवलेली खपत नाही, गाडी भावाच्या नावावर करा की तो मोकळा होईल. येत्या शुक्रवारी कागदावर सही करायची असं घरात ठरलंही. गाडी गेली की काम गेलं, आणि काम गेलं की दिराच्या दारात हात पसरायचा, हे तिला सांगायला महाराज लागत नव्हते.

खोटं कशाला बोला, पहिले काही दिवस तिचाही विश्वास बसला होता. स्टिअरिंगवर डोकं टेकून तिनं नवऱ्याची माफीसुद्धा मागितली होती. काय चुकलं माझं, एवढंच विचारत होती बिचारी.

तिचे डोळे उघडले ते महाराजांच्या घाईमुळे. एकदा त्यांना कुठंतरी जेवायला जायचं होतं. त्यांनी सगळी समजूत दहा मिनिटांत उरकली आणि बोट वर केलं. गाडी ढिम्म. महाराज क्षणभर गडबडले, मग गरजले, "इथं कुणाच्या तरी मनात शंका आहे." सगळ्यांनी हिच्याकडं पाहिलं. हिला फाटकाबाहेर पाठवलं. पुन्हा प्रवचन सुरू झालं आणि वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली.

फाटकाबाहेर भिंतीला टेकून ती विचार करत होती. मी बाहेर गेले हे त्याला कळायला वीस मिनिटं लागली? जिवंतपणी तर माझी पावलं जिन्यावर वाजली की ओळखायचा.

त्यानंतर गाडी बंद पडली ती एका ओसाड रस्त्यावर. तिनं कुणालाही फोन केला नाही. बॉनेट उघडलं, सावलीत बसली आणि घड्याळ बघत राहिली. माफी नाही, विनवणी नाही, एक शब्द नाही. पाऊण तास झाला. किल्ली फिरवली. गाडी सुरू.

ती तशीच थेट वायरिंगवाल्या काकांकडं गेली. गाड्यांच्या वायरी जोडण्यात काकांचे केस पांढरे झाले होते आणि माणसांशी बोलायचा त्यांना कंटाळा होता. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. गाडी बंद पडल्यावर किल्ली फिरवली की समोरचा पिवळा इंजिनाचा दिवा लागतो का? तिनं आठवून पाहिलं. एरवी लागायचा. बंद पडली की लागत नव्हता.

"मग कंप्युटर झोपतोय," काका म्हणाले.

गाडीत कंप्युटर असतो हेच तिला नवीन होतं. काकांनी बॅटरीमागची पुस्तकाएवढी धातूची डबी दाखवली. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, सगळं ही डबी ठरवते. हिनं मान टाकली की इंजिनाला हुकूम देणारं कुणी उरत नाही. पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. इतकी महाग वस्तू अंदाजानं बदलायची नसते, म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी गाडी बंद पडेपर्यंत फिरवली. मग टेस्ट लॅम्प लावून डबीपर्यंत वीज पोचते का ते पाहिलं. पोचत होती. अर्थिंग पाहिलं, वायरी हलवून पाहिल्या. सगळं ठीक होतं. डबीला खायला मिळत होतं, तरी ती काम करत नव्हती. आतला एखादा सोल्डरचा जोड तडकला असेल, ते म्हणाले. तापला की फट उघडते, निवला की पुन्हा चिकटतो.

ती बघतच राहिली. दीर सकाळच्या गारव्यात पाव तास चालवायचा. ती दुपारी दोन तास. गाडीला बाई आणि बुवा यांतला फरक कळत नव्हता, तिला ऊन तेवढं कळत होतं. आणि चादरवालीला आणखी एक आठवलं. महाराजांनी पहिल्या वेळी ओली चादर पुढं जाळीवर टाकली होती, तेव्हा पाऊण तास गेला होता. नंतर ती डाव्या अंगाला सरकली, नेमकी या डबीवर, आणि वेळ कमी झाला. म्हणजे महाराज प्रयोग करत होते. गावात डोळे उघडे ठेवून वागणारा तोच एकटा निघाला, आणि तो लबाड होता.

शुक्रवारी फाटकाशी पुन्हा गर्दी जमली. कागद तयार होता. ती सही करायला पुढं आली ती काकांना आणि एका हेअर ड्रायरला घेऊन. ड्रायरची लांबलचक वायर दवाखान्याच्या खिडकीतून आली होती.

"सही करते," ती म्हणाली. "आधी भाऊजी, तुम्ही गाडीत बसा. तुमच्यावर तर तुमच्या भावाचा राग नाही ना?"

दीर बसला. गाडी सकाळपासून सावलीत होती, लगेच सुरू झाली. तिनं ड्रायर लावला आणि त्या डबीवर गरम हवेचा झोत धरला. महाराज म्हणाले, हा काय पोरखेळ. कुणी हसलं. पाच मिनिटं गेली, सात गेली. नवव्या मिनिटाला इंजिन आचका देऊन बंद पडलं. दीर किल्ली फिरवत राहिला. पिवळा दिवा लागेना. त्याच्या कपाळाला घाम आला आणि गर्दीतलं हसू विरलं.

"आता तो सगळ्यांवरच कोपलाय," महाराज सावरून म्हणाले. "माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचा नाही."

"ऐकेल की," ती म्हणाली. तिनं पाण्यात बुडवलेली चादर डबीवर ठेवली आणि काकांना खूण केली. काकांनी ड्रायरच्या खोक्यातला वॉरंटीचा कागद काढला आणि महाराजांसारखाच आवाज मऊ करून वाचायला लागले. "खरेदीच्या दिनांकापासून बारा महिने. पाण्यात पडल्यास कंपनी जबाबदार नाही." अर्धा तास तो कागद पाठपोट पुन्हा पुन्हा वाचून झाला. मग तिनं बोट वर केलं. दिरानं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

हशा असा उसळला की दवाखान्याच्या खिडक्यांतून पेशंट डोकावले. ती मात्र हसत नव्हती. "महाराज," ती म्हणाली, "अर्धा तास निवली की गाडी चालते हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही त्या अर्ध्या तासात माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या तोंडी तुमचे शब्द घातलेत. आता मी उभी आहे इथं. गाडी पुन्हा तापवते, हिंमत असेल तर दहा मिनिटांत सुरू करून दाखवा."

महाराजांना एकाएकी दुसरीकडचं बोलावणं आठवलं. ते गेले.

काकांनी त्याच क्रमांकाचा दुसरा कंप्युटर मागवला, जुना काढून तो बसवला. किल्ली फिरवली तर गाडी सुरूच झाली नाही. दीर लगेच चुळबुळला, बघा, म्हणालो नव्हतो का? काकांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. लॅपटॉप जोडला, नव्या डबीला या गाडीच्या किल्लीची ओळख करून दिली आणि पुन्हा फिरवायला सांगितलं. सुरू झाली. त्यानंतर आठवडाभर तिनं भर दुपारी गाडी पळवली. एकदाही अडली नाही.

जुनी डबी काकांनी खोलून घरी आणून दाखवली. भिंगातून बघितलं तर एका जोडाभोवती केसाएवढी गोल चीर होती. दिरानं पाहिली आणि सहीचा कागद फाडला. सासूनं भिंग कितीतरी वेळ डोळ्याला लावून ठेवलं. खाली ठेवलं तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"म्हणजे तो नव्हताच गाडीत," ती म्हणाली. "तीन महिने मला वाटत होतं, माझा लेक जवळ आहे."

हा भाग चादरवालीनं हिशेबात धरलाच नव्हता. महाराजांना हरवणं सोपं होतं. ती सासूजवळ बसली.

"नव्हता, आई. मलाही वाटायचं, आहे. पण असता तर त्यानं मला अडवलं असतं का? गाडी शिकवली कुणी मला?"

सासूनं भिंग बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "त्यानंच. मी नको म्हणत होते, तरी शिकवली."

"मग तो माणूस खरा की महाराजांनी सांगितलेला खरा?"

आणि वाचणाऱ्यांनो, तुम्हालाही एवढंच सांगायचंय. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी घड्याळ बघा. तीच गोष्ट दुसऱ्या वेळी, दुसऱ्या हातानं, महाराजांशिवाय करून बघा. आणि कुणी मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत बाईचा घास काढायला निघाला, तर त्याला तोंडावर विचारा, दाखव कसं ते. विचारण्यात कुणाचा अपमान होत नाही. झालाच तर होऊ दे.

दुसऱ्या दिवशी बाराला चादरी भरून झाल्या तेव्हा सासू चप्पल घालून गाडीपाशी उभी होती. दरवाजावरून हात न फिरवता ती वर चढून बसली आणि सुनेला म्हणाली, "चल. उशीर होतोय दवाखान्याला."