टाकीपासून डावीकडे

"लेफ्ट फ्रॉम वॉटर टँक. देन सेकंड राइट. ब्लू गेट. ग्राउंड फ्लोअर." मशीनवाल्या काकूंनी एका दमात सांगून टाकलं.

खासगी इस्पितळाच्या रुग्णवाहिकेचा फोन उचलणारी बाई फक्त इंग्रजीच बोलायची, म्हणून दूरच्या शहरातल्या लेकीने ही वाक्यं त्यांच्याकडून महिनाभर घोकून घेतली होती. पिशव्यांच्या कारखान्यात शिलाई मारता मारता काकू ती पुटपुटत. काका चिडवायचे, "मुलाखतीला निघालीस की काय?" आज तेच काका छाती धरून खुर्चीत बसले होते, घामाने निथळत. "व्हेरी क्लिअर, मॅडम," असं फोनवरची बाई म्हणाली तेव्हा त्याही स्थितीत काकूंना क्षणभर बरं वाटलं. त्या क्षणाची पुढे त्यांना कायम लाज वाटत राहिली.

"येतायत हो. दहा मिनिटांत."

"मग बस ना जरा. तुझ्या येरझारा बघूनच मला धाप लागतेय."

पण बसवत कुठे होतं! खिडकी, दार, परत खिडकी. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. भोंगा ऐकू आला, जवळ आला आणि लांब लांब जात विरला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपण वाट सांगितली ती कारखान्यातून घरी यायची! बावीस वर्षं आपण त्याच बाजूने येतोय. गाडी येणार हमरस्त्याकडून, म्हणजे समोरून. तिला टाकीपाशी उजवीकडे वळायला हवं.

पुन्हा फोन लावला. या वेळी वेगळीच बाई. तिने पूर्ण पत्ता विचारला आणि महिनाभराची घोकंपट्टी पार उडून गेली. "नो लेफ्ट, मॅडम, नो लेफ्ट," एवढंच तोंडातून निघत राहिलं.

"अगं, तू रस्त्यावर जा," काका म्हणाले. "मी कुठे पळून जातोय?"

काकू अनवाणीच धावत सुटल्या. टाकीपाशी गाडी मागे वळत होती. "मावशी, आत बसा!" ड्रायव्हर ओरडत होता. पण त्या बसल्या नाहीत. गाडीच्या पुढे धावत, वळणावळणावर हात दाखवत त्यांनी ती घरापर्यंत आणली.

दाराची दोन्ही कवाडं सताड उघडी होती. स्ट्रेचर अडायला नको म्हणून काकांनी जेवणाचं जड टेबल भिंतीपर्यंत सरकवलं होतं, आणि त्याच्याच पायाला टेकून ते जमिनीवर बसले होते. गाडीतून आलेल्या माणसाने बराच वेळ त्यांचं मनगट धरलं, मग घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली.

"टेबल ओढायला कुणी सांगितलं होतं?" काकू कडाडल्या. "एकट्याने ओढायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

आणि काका काय म्हणतात, म्हणून थांबल्या.