उजवी पानं

पुस्तकाचं कव्हर शेवटी करायचं असतं. आधी चार-चार कागद घडी घालून त्यांच्या जुड्या करायच्या, दाभणानं भोकं पाडून त्या जुड्या एकीला एक शिवायच्या, मग त्यात जे काय चिकटवायचं ते चिकटवायचं, आणि सगळं भरून, फुगून, वाळून झालं की जाडी मोजून पुठ्ठे कापायचे. चिकटवहीची जाडी आधी कळत नाही. एका बसच्या तिकिटानं काही होत नाही, पण तिकिटं, बटणं, कापडाचे तुकडे आणि खोक्यांवरची लेबलं पोटात गेली की पुस्तक चांगलं बाळसं धरतं. हे सगळं मीच वहिनीला शंभरदा ऐकवलं होतं, आणि तरी त्या एका पुस्तकाचं कव्हर मी आधी करून बसले.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. होती. आता दादाची कुणी नाही, म्हणून कायद्यानं माझीही कुणी नाही.

ती कुरिअरच्या ऑफिसात काम करायची आणि तिथून चिंध्या आणि कपटे घेऊन घरी यायची. खाकी कागदाचा फाटका कोपरा, कुणाच्या तरी सुंदर अक्षरातला पत्ता, पार्सलची निळी सुतळी. दादा म्हणायचा, लोक पगार घरी आणतात, ही केर आणते. मला पुस्तकं बांधायचा नाद आधीपासून होता, पण कोरी पुस्तकं बांधून बांधून माणूस किती बांधणार? लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात ती आमच्याकडे आली, माझ्या कपाटातली कोरी पुस्तकं बघितली आणि म्हणाली, "वन्सं, ही सगळी उपाशी ठेवलीत की हो तुम्ही." वन्सं! मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. मी फणकारले, "वन्सं काय म्हणतेस, मी काय साठीची आहे?" तेव्हापासून ती मला मुद्दाम तेच म्हणायला लागली, फक्त 'तुम्ही'चं 'तू' झालं.

मग दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोघींचा पसारा. मी शिवायचे, ती चिकटवायची. आई म्हणायची, नणंद-भावजयींचं इतकं पटलेलं बघवत नाही, जरा भांडा तरी. भांडायचोच आम्ही, पण खळ पातळ झाली की घट्ट यावरून.

शेवटचं पुस्तक तिच्या डोक्यातून निघालं. काहीच न घडलेल्या दिवसांचं पुस्तक. लग्न नको, सहल नको, वाढदिवस नको. त्याच्या वह्या सगळेच करतात, ती म्हणाली. ज्या दिवशी सांगण्यासारखं काही घडलं नाही, त्याच दिवसातली एक वस्तू घ्यायची. पुस्तक उघडलं की डावं पान तिचं आणि उजवं माझं. मी चष्म्याच्या दुकानात आहे, त्यामुळे माझ्याकडे लेन्सवरचे गोल स्टिकर, फ्रेमच्या किमतीच्या चिठ्ठ्या, एखादा तुटका नाकाचा पॅड. माझं चिकटवणं कायम वाकडं. "दिवसभर लोकांच्या डोळ्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजतेस आणि एक स्टिकर सरळ लावता येत नाही," असं म्हणून ती हसून लोळायची.

पहिल्या दोन जुड्या भरत होत्या तेवढ्यात मला सोफ्याचं उरलेलं हिरवं कापड मिळालं. बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग. मला दम निघेना. अंदाजानं पाठ दोन बोटं धरली आणि कव्हर करून मोकळी झाले. वहिनीनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "बाळ अजून पोटात आणि तू अंगडी शिवून तयार," ती म्हणाली. कव्हर माझ्याकडे राहिलं आणि शिवलेली पानं ती भरायला घेऊन गेली.

त्याच महिन्यात दादा आणि ती वेगळे झाले.

भांडण असतं तर निदान बाजू तरी घेता आली असती. तसं काही नव्हतं. दोघंही एकमेकांना कंटाळली होती आणि दोघंही ते सभ्यपणे बोलली. घरातल्या वस्तूंची वाटणी झाली, फ्रिज त्याला, कपाट तिला, पडदे कुणालाच नकोत. नणंद कुणाच्या वाट्याला, हे मात्र कुणी विचारलं नाही. मी आठवड्याभरानं फोन केला.  ती म्हणाली, "थोडे दिवस नको गं. तुझा आवाज ऐकला की ते सगळं घर आठवतं. थोडे दिवस जाऊ देत."

मी जाऊ दिले. थोडे दिवस म्हणजे किती, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहिले काही महिने फोन वाजला की माझे हात खळीत असले तरी मी धावायचे. नंतर धावणं बंद झालं, पण कान तिकडेच राहिले. कुरिअरवाला दारात आला की वाटायचं, त्याच ऑफिसातून आला असेल, तिनं शिक्का मारला असेल. कुरिअरमध्ये काम करणाऱ्या बाईला एक साधं पाकीट पाठवता येऊ नये, याचा मला संताप यायचा, आणि मग संतापापेक्षा आठवण जास्त व्हायची. आई म्हणाली, "विसर आता. आपली माणसं आपली." पण तीच तर माझं आपलं माणूस होती. मैत्रीण तुटली तर लोक विचारपूस तरी करतात. भावाची बायको गेली तर सगळे भावाचीच चौकशी करतात.

तीनेक वर्षं गेली. दादा आमच्याकडे राहायला आला आणि जेवणाच्या टेबलावर त्याचा लॅपटॉप कायमचा मुक्कामाला आला. मी शिवणं जवळजवळ सोडलं. एक खोड मात्र सुटली नाही. दुकानात काही मजेशीर दिसलं की ते खिशात जायचं आणि घरी येऊन बुटांच्या खोक्यात पडायचं. कुणासाठी, कशासाठी, विचारायचं नाही. हिरवं कव्हर शेल्फवर उभं होतं, आत काही नसलेलं. एकदा बघते तर दादानं ते उघडून टेबलावर तंबूसारखं उभं केलेलं, आणि त्याला मोबाईल टेकवून क्रिकेट बघतोय. मी त्याच्यावर अशी ओरडले की आई आतून धावत आली. "अगं रिकामंच तर होतं," तो म्हणाला. मी कव्हर उचलून परत शेल्फवर ठेवलं. बोलले असते तर रडले असते.

गेल्या शनिवारी दुकानात गर्दी नव्हती. मालक केबिनमध्ये डुलक्या काढत होते. मी फ्रेमा पुसत होते. दार ढकललं गेलं आणि समोर वहिनी.

केस थोडे कमी, कानापाशी पांढरे. तीच खांद्यावरची मोठी पिशवी. तिनं नंबराचा कागद पुढे केला आणि म्हणाली, "ताई, जवळचा चष्मा करायचाय."

ताई. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला ताई म्हणतं. 

"बसा," मी म्हटलं. माझाही आवाज गिऱ्हाइकाशी बोलायचाच निघाला. "जवळचं काम काय असतं?" हे आम्ही सगळ्यांनाच विचारतो. कुणी वाचन सांगतं, कुणी शिवण, कुणी मोबाईल.

"चिकटवायचं," ती म्हणाली.

माझ्या हातातली मोजायची पट्टी खाली पडली. मी वाकून उचलली आणि वाकण्यात जरा जास्तच वेळ घालवला. डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायला तिच्या समोर, अगदी जवळ बसावं लागतं. पट्टी तिच्या भुवयांखाली धरली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, "माझ्या नाकाकडे बघा."

ती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "राग अजून तिथंच आहे का, बघतेय."

तिचे डोळे हलले आणि माझं माप चुकलं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा मिळालं ते बरोबर असावं. तिनं फ्रेम निवडली, आगाऊ पैसे दिले, मी पावती फाडून दिली आणि "पुढच्या शनिवारी," एवढंच म्हटलं. ती गेली. इतक्या वर्षांनी आली, आणि मी तिला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. गावात चष्म्याची दुकानं काय कमी आहेत? ती माझ्याच दुकानात का आली, याचा विचार करत मी दिवसभर एकच फ्रेम पुसत राहिले.

रात्री जेवताना मी सांगून टाकलं. "वहिनी दुकानात आली होती." आईचा हात ताटावर थांबला.

दादा पाणी प्यायला. "नंबर किती निघाला?"

"दीड."

"आधीच लागला असणार. बटण लावायचं असलं की सुई ओवायला मलाच हाक मारायची." त्यानं पेला खाली ठेवला. "माझ्याकडे काय बघतेस? मी सोडलं म्हणून तूही सोडायचं, असं मी कधी म्हटलं होतं?"

म्हटलं नव्हतं, हे खरं. पण म्हटलं नव्हतं, हेसुद्धा तो आज पहिल्यांदाच सांगत होता. जेवण झाल्यावर त्यानं लॅपटॉप उचलला आणि आपल्या खोलीत घेऊन गेला. टेबल रिकामं झालं. आई पुसता पुसता पुटपुटली, "खळीचे डाग अजून गेले नाहीत बघ."

आठवडाभर माझा जीव टांगणीला. कव्हर न्यायचं की नाही? नेलं आणि ती फक्त चष्मा घेऊन निघून गेली, तर ते परत त्या शेल्फवर उभं करायची माझ्यात ताकद नव्हती. शनिवारी सकाळी ते पिशवीत घातलं, काढलं, पुन्हा घातलं.

ती दुपारी आली. मी चष्मा तिच्या नाकावर बसवला, काड्या कानांमागे नीट वळवल्या. कानामागची ती जागा गिऱ्हाइकाची असली की नुसती जागा असते.  मी वाचायचं कार्ड पुढे केलं.

"कार्ड नको. मी आणलंय," ती म्हणाली, आणि पिशवीतून खाकी कागदात बांधलेला, निळ्या सुतळीचा गठ्ठा काढला. सुतळी सोडली. माझ्या हातचे टाके मी लगेच ओळखले.

तिनं मधूनच उघडलं. डाव्या पानावर सुकलेली संत्र्याची साल, अगदी पातळ, आणि खाली तारीख. उजवं पान कोरं. मी पान उलटलं. डावीकडे पार्सलवरचा पत्त्याचा तुकडा. उजवं कोरं. पुढे बटण, उजवं कोरं. पाऊस लागून शाई पसरलेलं बिल, उजवं कोरं. मी उलटत गेले. तीन वर्षं भरली होती, अर्धी अर्धी.

"उजवी पानं?" मी विचारलं.

"ती माझी कुठं होती?"

मला रडू आवरलं नाही. दुकानात, काउंटरवर, मालक केबिनमधून मान उंचावून बघत असताना मी नाक पुसलं आणि काउंटरखालून कव्हर काढून तिच्यासमोर ठेवलं. तिनं पानांचा गठ्ठा त्यात बसवून बघितला. बसेना. पाठ चांगली बोटभर कमी पडत होती. तिनं दाबून बघितलं, मी दाबून बघितलं.

"वन्सं," ती म्हणाली, "कव्हर शेवटी करायचं असतं."

तो शब्द मला या जगात दुसरं कुणी म्हणत नाही. मी काउंटरवरचं ब्लेड घेतलं आणि कव्हरच्या हिरव्या पाठीवर सरळ चालवलं. दोन पुठ्ठे वेगळे झाले.

"अगं, एवढं सुंदर कापड!"

"असू दे. अजून फुगणार आहे. माझ्याकडे खोकं भरलंय."

ती शेवटचं पान बघत होती. त्यात गेल्या शनिवारची पावती नुसती ठेवलेली होती, सुटी. चष्मा देताना पावती परत घ्यायची, असा दुकानाचा नियम आहे. मी हात पुढे केला.

"ही चिकटवायला घेतली होती," ती म्हणाली. "खळसुद्धा लावली. मग लक्षात आलं, आपल्या पुस्तकाच्या नियमात बसत नाही. त्या दिवशी काही घडलं नाही, असं कसं म्हणणार?" पावतीची मागची बाजू वाळलेल्या खळीनं कडक झाली होती.

मी पावती तिच्याच हातात ठेवून तिची मूठ मिटली आणि दुकानाच्या वहीत लिहिलं, गिऱ्हाइकाकडून पावती हरवली.

"थोडे दिवस झाले का गं?" मी विचारलं.

तिनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमच्या घरी नाही येववणार मला. अजून नाही. पण रविवारी दुपारी माझ्याकडे काहीच घडत नाही."

"मग पुस्तकात चालेल ते."

"खोकं घेऊन ये," ती म्हणाली. "आणि सरळ चिकटव. आता मला दिसतं."