गंजाचा पापुद्रा

ब्रेक दाबला की गाडीचं स्टिअरिंग थरथरायचं. मेकॅनिकने पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक-डिस्क नव्या घातल्या, तरी थरथर काही जाईना. शेवटी नाक मुठीत धरून त्याने आत्याला बोलावलं. गॅरेज तिनेच उभं केलेलं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ती घरी असायची.

स्टुलावर बसून तिने डिस्कला डायल गेज, म्हणजे केसाएवढी डगमगही काट्यावर दाखवणारं मापयंत्र, टेकवलं आणि त्याला डिस्क हाताने सावकाश फिरवायला सांगितली. गेजचा काटा पुढेमागे डुलू लागला.

"अगं, नवीकोरी आहे ती," तो म्हणाला.

"असेल. पण बसवलीस कशावर?"

त्याने डिस्क उतरवली. डिस्क जिच्यावर बसते त्या तिच्यामागच्या लोखंडी बैठकीकडे, हबकडे, त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तारेच्या ब्रशने हब घासल्यावर गंजाचा एक पापुद्रा सुटून त्याच्या तळहातावर पडला, कांद्याच्या सालीएवढा पातळ. डिस्क परत चढवून फिरवली, तर काटा जागचा हलेना.

तो तळहाताकडे बघतच राहिला. एवढ्याशा कपच्याने टनभराची गाडी हलवली होती, आणि वीस वर्षं हेच काम करणाऱ्या त्याला वेड्यात काढलं होतं. फुंकर लागून उडेल म्हणून त्याने श्वाससुद्धा रोखला.

"आता जुनी आण," आत्या म्हणाली.

भंगारातून त्याने जुनी डिस्क शोधली, पुसली, त्याच हबवर चढवली. एक फेरा, दोन फेरे, तीन. काटा ढिम्म.

म्हणजे जुन्या डिस्कमध्ये खोट नव्हतीच. आत्याने गेज उचललं आणि पुसून डबीत ठेवलं.